रात्रपाळीतून सुटणारं शिवार

महाराष्ट्रात शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत गव्हाला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन निघतो. वाटेत सापाची भीती, जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची, आणि ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडताना करंटची. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी इथे वर्षानुवर्षं होते आहे. तिच्यात हवामानबदलाचं नावही नसतं, पण राज्यातलं एक मोठं ऊर्जा-स्थित्यंतर तिच्यातूनच निघालं आहे.

शेतीच्या वाट्याला रात्र का आली? कोळशावरचा वीजसंच मनात येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. मध्यरात्री मागणी उतरली तरी तो किमान भारावर चालू ठेवावा लागतो. मग कारखाने-दुकानांना दिवस आणि मोटरांना रात्र, अशी विभागणी सोयीची ठरली. सोय यंत्रणेची, जागरण शेतकऱ्याचं.

सौर विजेने हे गणित उलटवलं. सूर्य मावळल्यावर काय, हा आक्षेप घरातल्या दिव्यांबाबत खरा आहे. पिकाला मात्र पाणी दुपारी दिलं तरी चालतं, त्यामुळे विजेची महागडी साठवण लागत नाही. शिवाय मोटरा जोरात चालतात त्या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, आभाळ मोकळं असताना. पावसाळ्यात ढगांमुळे निर्मिती घटते, तेव्हा बहुतेक मोटरा बंदच असतात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा आला. गावालगतच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ, म्हणजे विजेचा दाब उतरवून ती गावांना वाटणाऱ्या केंद्राजवळ, काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि वीज तिथूनच शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीवर सोडायची. एका मेगावॅटला साधारण चार एकर जागा लागते. पाच एचपीची मोटर सुमारे ३.७ किलोवॅट घेते, म्हणजे कडक उन्हात एका मेगावॅटवर अडीचशेच्या आसपास मोटरा चालतात. वीज लांबून येत नसल्याने तारांमधली गळतीही कमी. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला.

ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांनी, २५ वर्षांच्या करारावर मिळते. शेतीची वीज स्वस्त ठेवण्याचा भार आजवर उद्योग, व्यापारी ग्राहक आणि सरकारी तिजोरी उचलत आली आहे. २०२४ मध्ये राज्याने साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत केली. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा बोजा. मोफत विजेची घोषणा मागे घेणं कोणत्याच पक्षाला परवडत नाही. वीजच स्वस्त पडू लागली, तर निदान हा बोजा हलका होतो.

काळजी वाटते ती पाण्याची. रात्रपाळी जाचक होती, पण उपशावर तिचा नकळत लगाम होता. फुकट वीज आणि तीही दिवसा मिळाल्यावर आधीच खोल गेलेल्या विहिरी-बोअरवेलमधून पाणी आणखी खेचलं जाईल. ठिबक आणि पीकपद्धतीचा विचार या योजनेच्या आतच हवा होता.

दुसरा प्रश्न जमिनीचा. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, त्यात दरसाल ३ टक्के वाढ. पण अनेक प्रकल्प गायरानावर उभे राहतात. मराठवाड्यात कितीतरी भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबं हे गायरान पिढ्यान् पिढ्या कसत आली आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून भाडं नाही. योजनेतून ग्रामपंचायतीला निधी मिळतो, या घरांच्या हाती काहीच येत नाही. जागा ठरवण्याआधी ग्रामसभेत कसणाऱ्यांची नोंद व्हावी आणि भाड्यातला त्यांचा वाटा करारातच लिहिला जावा.