तर्री काढली तरी रस्सा तिखटच

मिसळीवरची तर्री पळीने काढली, तरी रस्सा तिखटच लागतो. जमिनीत मुरलेल्या पेट्रोलचं असंच होतं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भूजलावर तवंग धरतं. पण त्यातलं बेंझीन, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारा एक घटक, हळूहळू पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशेब करून पाहिला: चहाचा एक चमचा बेंझीन १०,००० लिटरचे ४४ टँकर त्या मर्यादेला नेऊन ठेवतं.

मुंबईत शिवडीपासून माहुलपर्यंत इंधनाच्या टाक्या कित्येक वर्षं उभ्या आहेत. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५चे. उद्या त्यातली एखादी जागा मोकळी झाली, तर टाक्या उचलणं सोपं. अवघड आहे तो खालचा काळा कातळ. मुंबईत पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत फिरतं, तेलही त्याच वाटेने जातं. त्यामुळे एका बोअरच्या पाण्याला वास येतो आणि शेजारच्या बोअरचं पाणी स्वच्छ निघतं! त्यात आपला पाऊस. जूननंतर पाण्याची पातळी चढते, तवंगही चढतो. उन्हाळ्यात उतरताना मुरमाला चिकटत जातो, कढईला तेल राहावं तसा.

साचलेला तवंग पंपाने ओढता येतो, उपसलेलं पाणी सक्रिय कोळशातून गाळता येतं. पण खाडीलगत फार उपसा केला, तर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं.

मला भरवसा वाटतो तो जिवाणूंचा. बेंझीन खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात, आपल्या उबदार जमिनीत ते जोमानेही वाढतात. अडतं ते ऑक्सिजनपाशी. १ मिलिग्रॅम बेंझीन पचवायला सुमारे ३ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणून बारीक बोअर मारून खाली हवा सोडतात. मत्स्यालयात सोडतो तशीच. हवेबरोबर वर येणारी इंधनाची वाफ वेगळ्या पाइपने खेचून घ्यावी लागते, नाहीतर ती शेजारच्या तळघरात शिरायची.

पंप बंद केल्यावर घाईने निकाल लावू नये. भेगांत दडलेलं इंधन पुन्हा पाझरतं, उतरलेला आकडा परत चढतो. निदान दोन पावसाळे तरी नमुने घेत राहायला हवेत: ऑक्टोबरची बाटली एक सांगते, मे महिन्यातली दुसरंच.