पीक डिस्ट्रिक्टमधील खाणपरवानगी

पीक डिस्ट्रिक्ट हे मध्य इंग्लंडमधील ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९५१, क्षेत्रफळ सुमारे १,४३७ चौ. किमी.). आपल्याकडच्या अभयारण्यासारखी ही सरकारी जमीन नव्हे. हद्दीत गावे, शेते, मेंढ्यांची कुरणे आहेत, चुनखडीच्या खाणी आहेत आणि होप येथे १९२९ पासूनचा सिमेंट कारखानाही आहे.

महाराष्ट्रात दगड, मुरूम ही गौण खनिजे जमीन महसूल संहितेनुसार शासनाची. ब्रिटनमध्ये चुनखडी साधारणपणे जमीनमालकाची. त्यामुळे खाणपट्ट्याचा लगाम तिथे सरकारकडे नाही. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने सुरू झालेली नियोजन परवानगी हाच मुख्य अंकुश, आणि उद्यानात तो उद्यान प्राधिकरणाच्या हाती असतो.

नवी मोठी खाण अडवणे त्यामानाने सोपे: अपवादात्मक परिस्थिती आणि सार्वजनिक हित सिद्ध झाले नाही, तर नकार. डोकेदुखी आहे ती महायुद्धानंतर दिलेल्या, त्रोटक अटींच्या जुन्या परवानग्यांची. १९८१ च्या खनिज कायद्याने बेमुदत परवानग्यांना २०४२ ची मर्यादा घातली. १९९५ च्या पर्यावरण कायद्याने अटींचा फेरआढावा सक्तीचा केला. दीर्घकाळ बंद पडलेली खाण नव्या अटी मंजूर झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. परवानगी रद्दच करायची, तर प्राधिकरणाला भरपाई मोजावी लागते. एवढा पैसा त्याच्यापाशी क्वचितच असतो.

लाँगस्टोन एज या डोंगरकड्याचा वाद यातूनच उद्भवला. १९५२ ची तिथली परवानगी फ्लोरस्पार (फ्लोरिनचे खनिज), बराइट (बेरियमचे खनिज), शिसे आणि ‘ती काढताना निघणारी इतर खनिजे’ यांसाठी होती. फ्लोरस्पारच्या शिरा चुनखडीतच असतात, आणि चुनखडीला बांधकामासाठी गिऱ्हाईक तयार असते. याच कड्यावरच्या बॅकडेल येथे चुनखडीचाच उपसा मोठ्या प्रमाणावर होऊ लागला, तेव्हा २००४ मध्ये प्राधिकरणाने अंमलबजावणीची, म्हणजे परवानगीबाहेरचे काम थांबवण्याची, नोटीस काढली. चौकशीत ती टिकली, उच्च न्यायालयात फिरली आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा उचलून धरली. मूळ खनिज काढण्याच्या ओघात निघेल ती चुनखडी नेता येते. तिच्यासाठीच डोंगर फोडता येत नाही, असा या निकालाचा अर्थ. परवानगीच्या मसुद्यात हे १९५२ मध्येच स्पष्ट लिहिले असते, तर पुढचा कज्जा बहुधा टळला असता.

उद्यानाची हद्द आखतानाच बक्स्टन शहर आणि त्याभोवतीच्या मोठ्या खाणी वगळल्या होत्या. नकाशावर तिथे उद्यानात खोलवर शिरलेली खाच दिसते. तिथल्या खाणींची परवानगी डर्बीशायर काउंटी (जिल्हा) परिषद देते.