ग्रँड ज्यूरी

ग्रँड ज्यूरी : एखाद्या व्यक्तीवर फौजदारी खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, एवढेच ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. दोषी की निर्दोष हा प्रश्न तिच्यापुढे नसतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत तिचे १६ ते २३ सदस्य असतात आणि आरोप ठेवायला किमान १२ जणांची संमती लागते. मिसूरी राज्यात १२ पैकी ९ जणांची. बैठक बंद दाराआड होते. साक्षी चालू असताना तिथे न्यायाधीश बसत नाही, संशयिताचा वकील उलटतपासणी घेत नाही. पुरावा मांडणारा एकटा सरकारी वकील असतो.

मराठी वाचकाला ज्यूरी म्हटले की १९५९ चा नानावटी खटला आठवतो. तिथे ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हणणारी ज्यूरी खटला ऐकणारी, म्हणजे छोटी ज्यूरी होती. लॉस एंजेलिस शहर १९९२ मध्ये पेटले तेही छोट्या ज्यूरीच्या निकालामुळे. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण करणाऱ्या चार पोलिसांवर ग्रँड ज्यूरीने आरोप ठेवलेच होते. एका मुद्द्याचा अपवाद सोडता छोट्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. हा भेद नजरेआड झाला की चर्चा हमखास भरकटते.

उगम : संस्थेचा आरंभ सामान्यतः इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या ११६६ च्या क्लॅरेंडन फर्मानापासून धरतात. दर ‘हंड्रेड’मधील, म्हणजे आपल्याकडच्या महालासारख्या विभागातील, बारा आणि दर गावचे चार विश्वासू पुरुष यांनी दरोडेखोर, खुनी, चोर आणि त्यांना आसरा देणारे कोण, हे राजाच्या अधिकाऱ्यांना शपथेवर सांगावे, असा हुकूम त्यात आहे. ज्याचे नाव निघे त्याला जलदिव्य, म्हणजे पाण्यात टाकून अपराधाचा कौल घेण्याची कसोटी, करावे लागे. त्याहून जुना दाखला दहाव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा समजला जातो. राजा एथेलरेडच्या वाँटेज येथील विधिसंहितेत बारा प्रमुख सरदारांनी पवित्र अवशेषांवर हात ठेवून ‘निरपराधावर आळ घेणार नाही आणि अपराधी लपवणार नाही’ अशी शपथ घ्यावी, असे कलम आहे. ही संहिता डेन लोकांच्या वस्तीच्या प्रदेशापुरती असावी. त्यामुळे एक मत या प्रथेला स्कँडिनेव्हियन वळणाची मानते. जर्मन विधिइतिहासकार हाइनरिख ब्रुनर यांनी मात्र १८७० च्या दशकाच्या आरंभी ज्यूरीचे मूळ फ्रँक राजांच्या शपथपूर्वक चौकशीत शोधले. ती रीत नॉर्मनांनी इंग्लंडात आणली, असे त्यांचे म्हणणे. इंग्रज विधिइतिहासकार मेटलंड यांनी तेच स्वीकारल्याने इंग्रजी ग्रंथांत हे मत दीर्घकाळ प्रमाण राहिले. नेओमी हर्नार्ड यांनी १९४१ मध्ये त्याला हरकत घेतली : सामूहिक आरोप करण्याची चाल ११६६ पूर्वीही चालू होती, हेन्रीने तिला राजाज्ञेची चौकट दिली. एथेलरेड आणि हेन्री यांच्यामधल्या काळातील साधने विरळ आहेत. पण फर्मानाची भाषा नवी संस्था निर्माण करणाऱ्याची वाटत नाही, चालत आलेली गोष्ट पक्की करणाऱ्याची वाटते. हर्नार्ड यांची बाजू म्हणूनच अधिक पटण्याजोगी आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुळात हे मंडळ राजाच्या हाती गुन्हेगार देण्यासाठी होते, प्रजेला राजापासून वाचवण्यासाठी नव्हे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना दिव्यात भाग घेण्यास मनाई केली, तेव्हा अपराधाचा निर्णय करायला दुसरी ज्यूरी लागली. आरोप करणाराच निर्णयाला बसला तर आरोपीला हरकत घेता येईल, अशी तरतूद १३५२ च्या सुमारास झाली. १३६८ च्या आसपास परगण्यासाठी चोवीस जणांचे मोठे मंडळ नेमण्याचा प्रघात दिसतो. ‘ग्रँड’ हे विशेषण त्यावरून आले असावे.

संरक्षक ढाल म्हणून तिची कीर्ती झाली ती १६८१ मध्ये. राजाचा विरोधक अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी याच्यावरील राजद्रोहाच्या आरोपपत्रावर लंडनच्या ग्रँड ज्यूरीने ‘इग्नोरेमस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘आम्हांस ठाऊक नाही’, असा शेरा मारून ते परत केले. त्याच वर्षी स्टीफन कॉलेज या सुताराबाबतही लंडनकरांनी हाच शेरा दिला होता. पण सरकारने प्रकरण ऑक्सफर्डला नेले, तिथल्या ज्यूरीकडून आरोप मिळवले आणि त्याला फाशी दिली. ढालीचा गौरव करताना कॉलेजची आठवण सहसा निघत नाही. ती निघायला हवी.

प्रसार : अमेरिकेच्या संविधानात १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीने ग्रँड ज्यूरी आली. मात्र हे बंधन घटक राज्यांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये ठरवले. त्यामुळे राज्याराज्यांत रीत वेगळी आहे. खुद्द इंग्लंडने ती १९३३ मध्ये जवळजवळ आणि १९४८ मध्ये पूर्णपणे बंद केली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील राजन्यायालयांतही ग्रँड ज्यूरी बसत असे. १८२६ च्या कायद्याने एतद्देशीयांना छोट्या ज्यूरीत घेतले, पण हिंदू व मुसलमानांना ग्रँड ज्यूरीबाहेर ठेवले. राममोहन रॉय यांनी त्याला विरोध केला. १८३२ मध्ये ती अट गेली. १८६५ मध्ये येथील ग्रँड ज्यूरीच रद्द झाली.

पोलिसी गोळीबार आणि वाद : संघीय न्यायालयांत ऐकीव पुराव्यावरही आरोप ठेवता येतात (१९५६ चा निकाल), आणि संशयिताच्या बाजूचा पुरावा ज्यूरीला दाखवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही (१९९२ चा निकाल). न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर यांनी १९८५ मध्ये म्हटले होते की सरकारी वकील ठरवील तर ग्रँड ज्यूरी हॅम सँडविचवरही आरोप ठेवील. २०१० मध्ये संघीय वकिलांनी हाताळलेल्या सुमारे १,६२,००० प्रकरणांपैकी केवळ ११ मध्ये ग्रँड ज्यूरीने नकार दिला, हा आकडा वादात नेहमी फेकला जातो. तो संघीय आहे. पोलिसांची प्रकरणे बहुधा राज्यांच्या ज्यूरींपुढे जातात, म्हणून तो जपूनच वापरावा.

मिसूरी राज्यात सेंट लुइसजवळच्या फर्ग्युसन गावी ९ ऑगस्ट २०१४ रोजी पोलीस अधिकारी डॅरेन विल्सन यांच्या गोळ्यांनी मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण ठार झाला. त्याचा मृतदेह भर उन्हाळ्यात सुमारे चार तास रस्त्यावर पडून होता. लोकांचा संताप तिथून सुरू झाला. सरकारी वकील रॉबर्ट मॅकलॉक यांचे वडील पोलीस होते आणि १९६४ मध्ये कर्तव्यावर मारले गेले होते. त्यांनी बाजूला व्हावे ही मागणी त्यांनी मानली नाही. एरवी दोन-चार साक्षीदारांवर भागते, तिथे त्यांनी ६० साक्षीदार आणि सगळा पुरावा ज्यूरीपुढे ओतला, पण अमुक आरोप ठेवा अशी शिफारस केली नाही. विल्सन यांनी स्वतः सुमारे चार तास साक्ष दिली.

कामकाजाच्या प्रतिलेखात एक तपशील आहे आणि तो नीट वाचायला हवा. विल्सन यांच्या साक्षीपूर्वी ज्यूरीच्या हाती मिसूरीच्या कायद्याचे छापील कलम देण्यात आले. अटक करताना पळणाऱ्या गुन्हेगारावर गोळी झाडण्याची मुभा देणारे हे कलम सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालापुढे (पळणारा धोकादायक नसेल तर त्याच्यावर जीवघेणी गोळी झाडता येत नाही) टिकणारे नव्हते. दुरुस्ती सांगितली गेली ती नोव्हेंबरमध्ये, अगदी शेवटी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल राज्याच्या कायद्यावर मात करतो का, असे सदस्याने विचारल्यावर ‘त्याची काळजी करू नका’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. म्हणजे मुख्य साक्षीदाराचे म्हणणे ज्यूरीने चुकीच्या कायद्याच्या चष्म्यातून ऐकले. बाकी सर्व वाद बाजूला ठेवले तरी ही चूक साधी म्हणता येत नाही.

तीन कृष्णवर्णीय आणि नऊ गोरे सदस्य असलेल्या ज्यूरीने आरोप नाकारल्याचे २४ नोव्हेंबरला रात्री आठनंतर जाहीर झाले. निदर्शक रस्त्यावर जमलेलेच होते. त्या रात्री गावातील डझनभर इमारती जळाल्या. जाळपोळीत होरपळलेली दुकाने पुष्कळशी गावकऱ्यांचीच होती. घोषणेला रात्रीची वेळ का निवडली, याचे समाधानकारक उत्तर पुढे आले नाही. न्याय खात्याने ४ मार्च २०१५ रोजी दोन अहवाल दिले. ‘ब्राउन हात वर करून उभा होता’ ही साक्ष भरवशाची नाही आणि विल्सन यांच्यावर संघीय खटला उभा राहत नाही, असे एकात होते. गावचे पोलीस व न्यायालय कृष्णवर्णीयांकडून दंड वसूल करून तिजोरी भरत होते, असे दुसऱ्यात. दोन्ही एकत्र वाचले तरच लोकांचा राग कळतो.

न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर यांचा पोलिसाकडून गळा आवळला जातानाचे चित्रीकरण सर्वत्र पोहोचले होते, तरी ३ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या ग्रँड ज्यूरीनेही आरोप ठेवले नाहीत. क्लीव्हलंडमध्ये खेळण्यातले पिस्तूल हाती असलेल्या आणि पोलिसाच्या गोळीने मेलेल्या बारा वर्षांच्या टमीर राइसच्या प्रकरणात २०१५ च्या अखेरीस तेच झाले. केंटकीतील लुइव्हिल येथे ब्रिओना टेलर यांच्या पोलिसी गोळीबारातील मृत्यूनंतर २०२० मध्ये एका अधिकाऱ्यावर आरोप आले ते शेजारच्या घरात गोळ्या गेल्याबद्दल. मनुष्यवधाचा आरोप आमच्यापुढे ठेवलाच नव्हता, असे एका सदस्याने न्यायालयाच्या परवानगीने सांगितले. गुप्तता साक्षीदारांच्या रक्षणासाठी असते. इथे तिचे पांघरूण सरकारी वकिलाच्या निवडीवर पडले होते.

सुधारणा विस्कळीत आहेत. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंत ग्रँड ज्यूरी वापरण्यास बंदी घातली. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यूयॉर्कने २०१५ पासून अशी प्रकरणे राज्याच्या महाधिवक्त्याकडे सोपवली. मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलीस अधिकारी डेरेक शॉविन यांच्यावरील आरोप सरकारी वकिलाने ग्रँड ज्यूरीविना थेट दाखल केले. (भारतात अशी चाळणी नाही, चकमकीतील मृत्यूंच्या तपासाबाबत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या प्रकरणांवरून २३ सप्टेंबर २०१४ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या.) १९९१ पासून पदावर असलेले मॅकलॉक २०१८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत वेस्ली बेल यांच्याकडून हरले. बेल यांनी ब्राउन प्रकरणाची कागदपत्रे पुन्हा तपासली आणि खून वा मनुष्यवध सिद्ध करता येणार नाही, मात्र याचा अर्थ विल्सन निष्कलंक ठरले असा नाही, असे जुलै २०२० मध्ये स्वतः लोकांपुढे येऊन सांगितले.