सोयाबीनवरची स्कुटी

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडच्या डांबरी रस्त्यांची एक बाजू पिवळी होते. खळी कधीच मोडली, अंगणं लहान झाली, मग सोयाबीन वाळवायला रस्त्याइतकी सपाट आणि तापलेली जागा दुसरी कुठली? पसरलेल्या दाण्यांवरून ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून कडेने दगडांची रांग लावतात. संध्याकाळी माल पोत्यात भरला जातो, दगड तिथंच राहतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या शाळेतल्या एक मॅडम स्कुटीवरून पडल्या. समोर गाडी नव्हती, मागे नव्हती, वेग असेल पंचवीसचा. दगड दिसला, त्यांनी हँडल वळवलं, ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सोयाबीनवर गेलं. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. हेल्मेट कुठं होतं? डिकीत. भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "सर, इथंच त जाचं होतं."

हे वाक्य मी विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. आमच्याकडे बिनगिअरच्या प्रत्येक गाडीला स्कुटीच म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षिका, तालुक्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली यांच्यासाठी या गाडीनं जे केलं ते एसटीच्या वेळापत्रकाला कधी जमलं नाही. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पण ती गुळगुळीत शहरी रस्त्यासाठी बेतलेली आहे, आणि आपण तिला शिवारात आणली आहे.

आधी ते सोयाबीन. स्कुटीचं वजन साधारण ११० किलो, वर बसलेला माणूस साठ किलोचा. त्यातले शंभरेक किलो मागच्या चाकावर, बाकीचे पुढच्या. टायरमधल्या हवेच्या दाबाने त्या वजनाला भागलं तर टायर रस्त्याला जिथं टेकतो तेवढी जागा निघते, आणि ती मागच्या चाकाखालीही पन्नासेक चौरस सेंटिमीटरच भरते. बोटं सोडून नुसता तळहात घ्या, त्याहूनही कमी. पुढच्या चाकाखाली तर आणखी कमी. गाडी वळते, थांबते, उभी राहते ती एवढ्याशा जागेच्या पकडीवर. तिथं सहा-सात मिलिमीटरचे गोल, वाळलेले, कडक दाणे आले की रबर डांबराला टेकतच नाही. घासण्याच्या जागी घरंगळणं सुरू होतं. सायकलच्या हबमध्ये छर्रे कशासाठी घालतात? घर्षण कमी व्हावं म्हणून. आपण तेच छर्रे चाकाखाली पसरतो.

अशा वेळी पुढचा ब्रेक दाबणं म्हणजे उरलीसुरली पकड एकाच कामात खर्च करणं. चाक जाम झालं की ते वळवताही येत नाही, आणि दुचाकी उभी राहते तीच मुळी वळवण्यामुळे. गाडी डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे नेतो आणि चाक पुन्हा वजनाखाली आणतो. मिनिटात हे कितीतरी वेळा घडतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दाण्यांवर सापडलात तर हँडल सरळ, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, ब्रेक दाण्यांच्या पलीकडे गेल्यावर. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा आहे. त्यात एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. डांबरावर फार उपयोगाची सोय, पण चाक जाम होऊ न देणारी एबीएस ती नव्हे, हे लक्षात असू द्यावं.

सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये पाच हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून शेतकऱ्यावर गुन्हा नोंदवा असं मी म्हणणार नाही. वाळवायला ओटा नसलेल्या माणसाला कलम सांगून सोयाबीन वाळत नाही. पण दगड उचलायला पैसे लागत नाहीत.

दुसरा खेळ आपल्या काळ्या मातीचा. पश्चिम विदर्भातली ही माती बेसाल्ट झिजून तयार झाली, आणि तिच्यातल्या स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीचे थर पाणी पिऊन फुगतात, वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात वावरात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. आता या मातीवर रस्ता बांधला की डांबराच्या मधल्या भागाखाली ओल फारशी बदलत नाही, कडेला मात्र पावसाळ्यात पाणी शिरतं आणि उन्हाळ्यात निघून जातं. कडा वर्षातून एकदा वर येते, एकदा खाली बसते. परिणाम म्हणजे रस्त्याच्या लांबीला धरून जाणारी भेग आणि खाली गेलेली साइडपट्टी. आडव्या भेगेवर गाडी नुसती आदळते. उभ्या भेगेत मात्र नऊ-दहा सेंटिमीटर रुंदीचं टायर रुळात अडकल्यासारखं चालतं, हँडल हवं तेवढं हलत नाही, आणि तोल सावरायचं एकमेव साधन हातातून जातं.

समोरून ट्रक आला, स्कुटी साइडपट्टीवर उतरली, ट्रक गेला आणि आता वर यायचंय. इथं बहुतेक जण तिरके तिरके, सावकाश वर येऊ पाहतात. टायरची बाजू डांबराच्या कडेला घासते, चाक वर चढत नाही, हँडल मात्र वळलेलं, आणि माणूस रस्त्याच्या आत आडवा. वेग आधी कमी करून, थोडं लांब जाऊन, शक्य तितक्या मोठ्या कोनात कड ओलांडावी. थांबून ढकलत वर आणली तरी कुणी हसत नाही. हसलं तर हसू द्यावं.

खड्ड्यांबाबत एक छोटं गणित. स्कुटीच्या दहा इंची चाकाची टायरसकट त्रिज्या सुमारे २१.७ सेंटिमीटर, अठरा इंची मोटारसायकलची सुमारे ३१. खड्डा पुरेसा खोल आणि ३० सेंटिमीटर लांबीचा असेल तर स्कुटीचं चाक त्यात सहा सेंटिमीटर उतरतं, मोटारसायकलचं चारपेक्षा कमी. शिवाय लहान चाकाला पलीकडची कड जास्त उभी लागते. मुलगा बाइकवर ज्या खड्ड्यावरून निघून जातो, तोच खड्डा त्याच्या बहिणीच्या स्कुटीला आपटतो. तिला गाडी येत नाही म्हणून नव्हे.

युरियाचं ४५ किलोचं पोतं पायदानावर ठेवण्याची आपली पद्धत मात्र वाटते तेवढी वेडी नाही. वजन खाली राहतं, ते तोलाला चांगलंच. घोटाळा वेगळाच आहे: पोत्याला हँडल अडतं आणि दोन्ही पाय बाहेर लोंबतात.

आता हेल्मेट. "गावातल्या गावात" वेग कमी असतो, मग हेल्मेट काहाले, हा प्रश्न मी शंभरदा ऐकला आहे. पडताना डोकं दोन वेगांनी जातं, एक पुढचा आणि एक खालचा. खालच्या वेगाचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. दीड मीटर उंचीवरून पडलेलं डोकं जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो, गाडी उभी असली तरी. उघडं डोकं डांबरावर तीनेक मिलिमीटरमध्ये थांबतं असं धरलं, तर मेंदूला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट निघतो. हेल्मेटमधला थर्माकोल चेपत चेपत तेच थांबणं पंचवीस मिलिमीटरवर पसरवतो, आणि आकडा साठाच्या घरात येतो. हिशोब ढोबळ आहे, पण फरक आठपटीचा आहे आणि तो सगळा थर्माकोलमुळे आहे. बाहेरच्या चकचकीत टोपणामुळे नाही. रस्त्याच्या कडेला मिळणारी, आत नुसता स्पंज लावलेली टोपली म्हणूनच फक्त पोलिसांपासून वाचवते. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद समजा, चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मागे गाठ मारलेल्या जाड दुपट्ट्यावर हेल्मेट बसत नाही, हनुवटीचा पट्टा लागत नाही आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीलाच निघून जातं. पातळ सुती कापड, गाठ न मारता, आणि शेव आत खोचलेला. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर हा याच कुळातला धोका. मागचं चाक निम्मं झाकणारी जाळी हवी, असा नियमच आहे, आणि जुन्या गाडीची तुटली असेल तर ती आधी बसवून घ्यावी.

देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागतं हे आपल्याकडे अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं करतं. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे.

आणि हा कायदा हायवेपुरता आहे, असं समजू नका. त्याच्या भाषेत 'सार्वजनिक जागा' म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट. गावठाणातली गल्ली त्यात आली, वहिवाटीची पांदणही आली.

वयाचं म्हणाल तर सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, आणि आजची स्कुटी शंभराच्या वर असते. म्हणजे अठरा. दहावीतल्या मुलीला ट्यूशनला गाडी देणाऱ्या बापासाठी कलम १९९अ आहे: मुलीच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी लागत नाही, हे खरं. पण मेकॅनिककडे जाऊन तिचं 'लॉक' उघडलं की ती सूट गेली, मग ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार.

दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. लायसन्स नसलेल्या चालकाने कुणाला उडवलं तर न्यायालयं अनेकदा विमा कंपनीला जखमीला पैसे द्यायला सांगतात आणि तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. थर्ड पार्टीचा हप्ता थोडा, पण भरपाईची रक्कम काही लाखांत जाते, आणि वसुली येते तेव्हा गावात विकण्यासारखं असतं काय? वावर. मालक-चालकाचं स्वतःचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही वैध लायसन्स असेल तरच कामाचं.

अंधार पडल्यावर शिवारातल्या रस्त्यावर रोही म्हणजे नीलगाय आडवी येते, रानडुक्कर येतं, कापसाची बंडी बिनरिफ्लेक्टरची चालत असते. ताशी ६० वेगात दिसण्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या दीड सेकंदात गाडी २५ मीटर गेलेली असते आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीस लागतात. वेग ४० असेल तर सगळं मिळून २६ मीटरमध्ये भागतं. तुमचा हेडलाइट किती लांब दाखवतो, ते एकदा पावलांनी मोजून बघा.

कुणी उडवून पळून गेलं आणि गाडीचा नंबरच मिळाला नाही, तरी वाट बंद होत नाही. २०२२ च्या योजनेत अशा मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार भरपाई आहे. पडलेल्याला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्याने नाव सांगायची सक्ती नाही. भरपाईचा अर्ज कोर्टात नव्हे, महसूल खात्यातल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे जातो. सातबाऱ्यासाठी चकरा मारून त्या ऑफिसची वाट तर आपल्या पायाखालची आहे.