गिटार कॅबिनेटमधील मिश्र स्पीकर: सीमाभागातील पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील गिटारवादकांकडे बारा इंची स्पीकरांची जी कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेली खोकी आहेत, त्यांतल्या अनेकांची मागची फळी उघडली की दोन वेगळ्या जातींचे स्पीकर शेजारीशेजारी बसवलेले दिसतात. हल्ली या जोडीचे समर्थन स्वराच्या भाषेत केले जाते: एकाने खालचा भरीवपणा द्यावा, दुसऱ्याने वरची धार द्यावी. ते समर्थन खरेच आहे, परंतु ते नंतर आले. आमच्या भागात मिश्रण आधी घडले आणि त्याची कारणे मागाहून सापडली. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर ओहम, वॅट आणि जोडणी यांवरून आजही जे वाद होतात त्यांचा उलगडा होत नाही.

मूळ कॅबिनेटांचा इतिहास इथे दोन-तीन वाक्यांत आटोपण्यासारखा आहे. 1950 च्या दशकातील अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरांत दहा इंची स्पीकरांच्या जोड्या आणि चौकड्या असत. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये चार बारा इंची स्पीकरांचे बंद कॅबिनेट रूढ झाले, कारण त्या वेळचा स्पीकर 15 ते 20 वॅटच सोसत असे आणि वाढत्या ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे दोन स्पीकरांच्या कॉइली, म्हणजे आतली तारेची वेटोळी, टिकेनात. चारही स्पीकर एकाच जातीचे असत. दोन वेगळे स्पीकर हेतुपुरस्सर एकत्र बसवण्याचे ठळक उदाहरण बरेच अलीकडचे आहे: 1989 मध्ये सुरू झालेल्या एका छोट्या अमेरिकन कारखान्याने आपल्या 30 वॅटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक 25 वॅटचा आणि एक जड चुंबकाचा 30 वॅटचा असे दोन बारा इंची स्पीकर बसवले, आणि मिश्रणाला प्रतिष्ठा मिळाली.

सीमाभागात ही प्रतिष्ठा पोहोचण्याच्या आधीपासून मिश्र कॅबिनेट होती. ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी आणि चर्चमधील गायनवृंद यांना गिटारसाठी स्पीकर लागत असे. परदेशी स्पीकर जकातीमुळे आवाक्याबाहेर होता, म्हणून सभा-समारंभांसाठी बनवलेले देशी बारा इंची स्पीकर प्लायवूडच्या खोक्यात बसवले जात. हे स्पीकर बेळगावात दोन दिशांनी येत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळूरचा एस. पी. रोड हे दोन्ही बाजार बेळगावपासून साधारण पाचशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे जो कोणी ज्या बाजूला जाणार असेल त्याच्याकडे पैसे दिले जात किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल मागवले जाई. एका खोक्यात मुंबईचा एक आणि बेंगळूरचा एक स्पीकर येऊन बसला तो याच कारणाने. दोघांचे कोन, म्हणजे हलून आवाज करणारे पडदे, वेगळे, चुंबक वेगळे, कडेच्या घड्या वेगळ्या. सारखे असत ते फक्त मागच्या बिल्ल्यावरचे आकडे.

दुसरे कारण दुरुस्तीचे होते, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. कॉइल जळाली की स्पीकर फेकला जात नसे. कारागीर जुना कोन कापून काढी, फटीतली काजळी पुसून घेई, बाजारात मिळणारी तयार कॉइल आणि कोन बसवी, आणि स्पीकर पुन्हा वाजू लागे. परंतु ज्या वजनाचा कोन आणि ज्या तारेची कॉइल उपलब्ध असे, त्यावरून त्याचा आवाज ठरे. टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांच्या घरी मी चार स्पीकरांचे एक जुने कॅबिनेट उघडले होते. चारही चुंबकांवर एकच बिल्ला होता, म्हणून ते सारख्याच स्पीकरांचे समजले जाई. तारा सोडवून मीटर लावला तेव्हा तीन स्पीकरांनी 6.4 ते 6.5 ओहम दाखवले आणि चौथ्याने 5.1. चौथ्याच्या मधल्या टोपीभोवती सरसाची पिवळी कड सुकलेली होती, आणि बोटाने दाबल्यावर त्याचा कोन इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे ताठ लागत होता. ते कॅबिनेट कितीतरी वर्षे मिश्रच होते. मालकांना तसे कोणी सांगितले नव्हते एवढेच.

इथे ‘ओहम’ या शब्दाकडे वळावे लागते, कारण सीमाभागातील जवळजवळ प्रत्येक वाद याच शब्दापाशी येऊन थांबतो. शास्त्रीय मराठीत स्थिर प्रवाहाला होणारा रोध आणि बदलत्या प्रवाहाला होणारा संरोध असे दोन वेगळे शब्द आहेत, पण बाजारात दोन्हींचे एकक तेवढे उरले आणि तेच गुणाचे नाव झाले. बिल्ल्यावर आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर साडेसहा दाखवतो, तेव्हा गिऱ्हाइकाला फसवले गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मीटर रोध मोजतो आणि बिल्ला नाममात्र संरोध सांगतो. तो संरोधही स्थिर नसतो: गिटारच्या बारा इंची स्पीकरचा अनुनाद, म्हणजे ज्या सुरावर कोन सर्वांत सहज डोलतो तो सूर, साधारणपणे 75 ते 100 हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि तिथे संरोध बिल्ल्यावरच्या आकड्याच्या कितीतरी पट चढतो, मग मधल्या सुरांत खाली येतो आणि वरच्या सुरांत कॉइलच्या प्रवर्तकत्वामुळे (बदलत्या प्रवाहाला अडवण्याच्या गुणामुळे) पुन्हा वाढतो.

समान जातीचे स्पीकर असतील तर या चढउताराने काही बिघडत नाही, कारण सगळे एकदमच चढतात आणि उतरतात. वेगळ्या जातींचे दोन स्पीकर सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडले की मात्र विजेचा दाब (व्होल्टेज) दोघांच्या त्या क्षणीच्या संरोधाच्या प्रमाणात वाटला जातो. ज्याचा अनुनाद ज्या सुरावर असेल तो त्या सुरावर बहुतेक दाब स्वतःकडे ओढतो आणि दुसरा मागे पडतो. पॅरललमध्ये, म्हणजे दोघांच्या तारा स्वतंत्रपणे अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या की, दोघांनाही तोच दाब मिळतो, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव स्वच्छ ऐकू येतो. मिश्र जोडी सिरीजमध्ये लावून ‘आवाज मळका आला’ अशी तक्रार करणाऱ्यांनी स्पीकर बदलण्याआधी जोडणी बदलून पाहावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

‘ओहम सारखे ठेवा, बाकी काहीही चालेल’ हा जो नियम आमच्याकडे पिढीजात सांगितला जातो, त्याची मुळे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर जळण्याच्या भीतीत आहेत. ठरवून दिलेल्यापेक्षा कमी ओहमचा भार पडला की तो अ‍ॅम्प्लिफायर तापतो, आणि रात्रीच्या कार्यक्रमात तो बंद पडणे परवडणारे नव्हते. नियमाचा पहिला भाग त्यामुळे समजण्यासारखा आहे. दुसरा भाग चुकीचा आहे, कारण ‘बाकी काहीही’ यात संवेदनक्षमता येते, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल वाजतो ते. हा आकडा देशी स्पीकरांच्या बिल्ल्यावर क्वचितच असे. दोन स्पीकरांत तीन डेसिबलचा फरक असला तर मागे पडणाऱ्याला बरोबरीसाठी दुप्पट वॅट लागतात. पाच-सहा डेसिबलचा फरक असला तर एकच स्पीकर वाजतो आणि दुसरा खोक्यात नुसता बसून असतो.

वॅटच्या आकड्याने या गोंधळात भरच घातली. वॅट ही सोसण्याची मर्यादा आहे, आवाजाचे माप नाही. 1991 नंतर आयात सुकर होत गेली आणि परदेशी स्पीकर इकडे दिसू लागले, तेव्हा ‘सेलेस्टियन’ या ब्रिटिश कंपनीचा, 1986 मध्ये बाजारात आलेला ‘व्हिंटेज 30’ हा स्पीकर नावामुळे तीस वॅटचा समजला गेला. तो साठ वॅटचा आहे. त्याची संवेदनक्षमता 100 डेसिबल आहे, चुंबकावर मागे हिरवे झाकण असलेल्या 25 वॅटच्या ‘ग्रीनबॅक’ची 98, आणि 75 वॅट सोसणाऱ्या त्याच घराण्यातील ‘जी12टी-75’ची 97. म्हणजे तिघांत सर्वाधिक वॅटचा स्पीकर सर्वांत हळू वाजतो. समान ओहमच्या जोडीत कॅबिनेटची एकूण क्षमता दुबळ्या स्पीकरच्या दुप्पट धरावी लागते, त्यामुळे साठ आणि पंचवीसची जोडी पन्नास वॅटचीच ठरते. ही बेरीज पंचाऐंशी करून ग्रीनबॅक जाळल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

दिशेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या जुन्या स्पीकरांत धन टोकाला बॅटरीचे धन टोक लावले की कोन बाहेर येण्याऐवजी आत जातो. असा जुना स्पीकर इतरांच्या जोडीला बसवला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. चौकोनी सेल क्षणभर टेकवून कोन कुठे सरकतो ते पाहण्याची पद्धत बेळगावच्या कारागिरांत तेव्हापासून पक्की झाली.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदलले ते संगणकामुळे. कॅबिनेटचा ध्वनिठसा फाइलच्या रूपात मिळू लागल्यापासून फळी न कापता दोन स्पीकर एकत्र ऐकता येतात, आणि सीमाभागातील तरुण आधी जोडी ठरवून मग खरेदीला निघतात. चार स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये एका जातीचे दोन स्पीकर कर्णरेषेत बसवण्याची रीतही आता सर्रास दिसते, जेणेकरून खाली आणि वर दोन्ही जाती ऐकू याव्यात. मात्र त्या फाइलीत ओहम नसतो. जोडी ठरते ‘व्हिंटेज 30’ आणि ‘जी12टी-75’ची, आणि दुकानदार सांगतो की पहिला आठ ओहममध्ये शिल्लक नाही, सोळाचा आहे. जुन्या नियमाप्रमाणे इथे व्यवहार मोडायला हवा. पण सोळाचा ‘व्हिंटेज 30’ आणि आठचा ‘जी12टी-75’ पॅरललमध्ये जोडले, तर पन्नास वॅटपैकी साधारण 33 आठ ओहमच्या स्पीकरला आणि 17 सोळाच्याला मिळतात, आणि नेमका तीन डेसिबलचा फरक भरून निघून दोघे बरोबरीने वाजतात. एकूण भार 5.33 ओहम होतो, तेव्हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे चार ओहमचे टोक वापरावे, आणि ट्रान्झिस्टरचा असेल तर तो चार ओहमपर्यंत चालतो ना, हे त्याच्या पाठीमागे पाहून घ्यावे.