क्रेडिट पॉइंटांच्या आधी: डॉक्टरांच्या संघटना आणि सभासदांच्या संधी

डॉक्टरांच्या कुठल्याही संघटनेचं सभासदांसाठीचं पत्रक उघडून पाहा. रविवारी सकाळी मधुमेहावर सीएमई (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, म्हणजे पदवीनंतरही चालू राहणारं शिक्षण), दोन क्रेडिट पॉइंट (नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे गुण), नंतर जेवण. हिवाळ्यात राज्य पातळीची कॉन्फरन्स, ‘अर्ली बर्ड’ फीची शेवटची तारीख ठळक अक्षरांत. तरुण सभासदांसाठी पेपर आणि पोस्टर, कुणाच्या तरी स्मृतीप्रीत्यर्थ ओरेशन, म्हणजे मानाचं व्याख्यान, एखादी फेलोशिप, शाखेची निवडणूक, १ जुलैला डॉक्टर्स डे आणि सर्वांत खाली पेशंटने खटला भरला तर उपयोगी पडणाऱ्या व्यावसायिक संरक्षण योजनेचं स्मरणपत्र. हे सगळं एका पानावर शेजारी-शेजारी बसलेलं असतं, म्हणून ते एकाच वेळी सुरू झालं असावं असं वाटतं. पण यातली काही ओळ कंपनी सरकारच्या काळातली आहे, काही वसाहतीतल्या भांडणातून आलेली आहे, आणि काही एका कोर्टाच्या निकालानंतर घाईघाईने जोडलेली आहे. मुंबईपुरतं बोलायचं तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या डॉक्टरांच्या संघटनेचं मुख्य काम सभासदांना कार्यक्रम देणं हे नव्हतंच. त्यांच्यापुढे बंद असलेल्या दारांवर धडका देणं हे होतं.

सुरुवात मात्र अगदी शांत, विद्वत्तापूर्ण होती. मुंबईत १८३५ मध्ये ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’ स्थापन झाली. कलकत्त्यात तशीच संस्था १८२३ पासून होती. सभासद बहुतेक ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन. महिन्याच्या बैठकीत कुणी आपल्या छावणीतल्या तापाच्या साथीची टिपणं वाचायचा, कुणी इथल्या झाडपाल्यावर, आणि मग ते निबंध छापले जायचे. आजच्या सीएमईचा आणि कॉन्फरन्समधल्या पेपराचा पूर्वज हाच. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग तिच्यातलेच. हे लोक केवळ नाडी पाहत बसले नाहीत. भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, आत्माराम पांडुरंगांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला. १८८३ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत जे मोजके भारतीय होते, ते आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, दोघेही डॉक्टर. सखाराम अर्जुन म्हणजे पुढे स्वतः डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील.

त्याच १८८३ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ काढली. सोसायटी नाही, युनियन. आतापर्यंतच्या मंडळांत विषय रोगाचा असे. इथे व्यवसायाचाही आला.

तो का आला हे समजायला इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आयएमएस, डोळ्यांसमोर हवी. मुळात ही लष्करी सेवा. पण जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, मोठ्या रुग्णालयांचे प्रमुख, मेडिकल कॉलेजांचे प्राध्यापक, तुरुंगाचे आणि आरोग्यखात्याचे अधिकारी या सगळ्या जागा बहुतांशी तिच्याच हातात होत्या. १८५५ पासून या सेवेची परीक्षा भारतीयांना खुली झाली, पहिल्याच वर्षी सूर्यकुमार चक्रवर्ती नावाचे बंगाली डॉक्टर उत्तीर्णही झाले, पण परीक्षा लंडनला. बोटीचं भाडं आणि तिथलं राहणं ज्याला परवडेल त्याच्यासाठी दार उघडं, बाकीच्यांनी असिस्टंट सर्जन या दुय्यम पदावरूनच निवृत्त व्हायचं. ग्रँट कॉलेजात शिकून तिथेच प्राध्यापक होणं हे हुशार मुंबईकर डॉक्टरालाही जवळजवळ अशक्य होतं. बॉम्बे मेडिकल युनियनने सरकारी आयोगांपुढे मांडलेली कैफियत हीच होती: मुलकी वैद्यकीय सेवा लष्करी सेवेपासून वेगळी करा आणि तिच्या जागा गुणवत्तेवर भरा. काँग्रेसच्या अधिवेशनांतही १८९० च्या दशकात या मागणीचे ठराव झाले.

या भांडणाला मुंबईत एक विटा-सिमेंटचं उत्तर मिळालं. परळला १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभं राहिलं, कॉलेजसाठी दिलेल्या देणगीला विश्वस्तांनी अटच घातली होती की शिकवणारे सगळे पात्र आणि स्वतंत्र भारतीय असतील, सरकारी नोकरीतले नसतील. कॉलेजचे पहिल्या काळातले डीन जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. डॉक्टरांसाठी संधी म्हणजे काय, याचं इतकं ठोस उदाहरण नंतरच्या कुठल्याच पत्रकात मला दिसत नाही.

नोंदणीचा कायदाही पहिल्यांदा इथेच झाला. १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्टने प्रांतात डॉक्टरांची अधिकृत नोंदवही आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी कौन्सिल आणली. मद्रास आणि बंगालचे कायदे त्यानंतर दोन वर्षांनी आले. या नोंदवहीला तेव्हा नूतनीकरण नव्हतं. एकदा नाव चढलं की गंभीर गैरवर्तन होईपर्यंत ते तिथेच. आजच्या क्रेडिट पॉइंटांची सगळी गोष्ट या नोंदवहीभोवती फिरते, म्हणून ती इथे लक्षात ठेवलेली बरी.

अखिल भारतीय पातळीवर डॉक्टर पहिल्यांदा एकत्र आले ते १९१७ मध्ये, कलकत्त्याला. अशा काही परिषदा झाल्यावर पाचवी पुन्हा कलकत्त्यालाच, डिसेंबर १९२८ मध्ये भरली. अध्यक्ष होते मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा १९३७ चा कायदा ज्यांच्यामुळे ‘देशमुख अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला गेला, तेच हे. या परिषदेत ‘ऑल इंडिया मेडिकल असोसिएशन’ स्थापन करण्याचा ठराव झाला, आणि दोन वर्षांत तिचं नाव इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, झालं. सुरुवातीचे सभासद अवघे २२२. निलरतन सरकार, बिधनचंद्र रॉय, एम. ए. अन्सारी ही त्यातली मोठी नावं, म्हणजे अर्धी मंडळी राजकारणात मुरलेली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या शाखा देशात आधीपासून होत्या. ही संघटना त्यांच्या समोर उभी राहिली. आज आयएमएचे सभासद तीन लाखांहून जास्त आहेत, आणि डॉक्टर्स डे ज्या १ जुलैला साजरा होतो तो बिधनचंद्र रॉय यांच्या जन्माचाही दिवस आणि मृत्यूचाही. सुरुवात मात्र १९९१ ची, म्हणजे परंपरा तशी फार जुनी नाही.

संघटना स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिच्यापुढे मोठा पेच आला. लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राचं प्रशिक्षण पुरेसं नाही ही तक्रार बरीच आधीपासून धुमसत होती, आणि इथल्या कॉलेजांची तपासणी कुणी करायची हा मानापमानाचा मुद्दा झाला होता. त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट आणि पुढच्या वर्षी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया आली. ही कौन्सिल २०२० मध्ये बरखास्त होऊन तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन बसलं.

स्वातंत्र्यानंतर बंद दारांचा प्रश्न मिटला तसा संघटनांचा सूर बदलला. आयएमएस गेली, प्राध्यापकपदं भारतीयांकडे आली. आता भूक होती ज्ञानाची, कारण पेनिसिलिननंतरच्या वीस वर्षांत औषधशास्त्राने इतकी उडी मारली होती की १९४० मध्ये शिकलेला डॉक्टर १९६० मध्ये जुना झाला होता. फिजिशियनांची असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया १९४४ ची, स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ १९५० चा, बालरोगतज्ज्ञांची अकादमी १९६३ ची. या तिन्हींची मुख्यालयं मुंबई परिसरात आहेत. जनरल प्रॅक्टिशनरांसाठी आयएमएने १९६३ मध्ये स्वतंत्र कॉलेज काढलं. प्रत्येक संघटनेची वार्षिक कॉन्फरन्स, तिच्या नावापुढे ‘कॉन’, तिचं नियतकालिक, तिची ओरेशन. सर्पगंधेवरचा आपला अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापून रक्तदाबाच्या उपचाराला जगभर नवी दिशा देणारे मुंबईचे रुस्तम जाल वकील याच पिढीतले. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दिवसभर पेशंट पाहून संध्याकाळी पेपर लिहिणाऱ्या डॉक्टराला आपलं काम समव्यवसायींपुढे मांडायला या कॉन्फरन्स हाच मंच होता.

मग १९९५ आलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयएमए विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला की मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. आयएमए हरली. पण सभासद घटले नाहीत, उलट संघटनेत असण्याला एक नवं कारण मिळालं. संरक्षण योजना, कायदेविषयक सल्ला, संमतीपत्रं कशी लिहावीत यावरची व्याख्यानं असा एक नवा विभागच कार्यक्रमपत्रिकेत शिरला. पुढे रुग्णालयांवरचे हल्ले वाढले तशी कायद्याची मागणी झाली आणि महाराष्ट्रात २०१० मध्ये तो कायदा झाला. १८८३ ची ‘युनियन’ इथे पुन्हा डोकं वर काढते, फक्त समोर सरकारी सेवा नसून चिडलेला नातेवाईक आणि ग्राहक मंच आहे.

क्रेडिट पॉइंटांची कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या अकादमीने १९४७ मध्ये सभासद राहायचं तर तीन वर्षांत १५० तास शिक्षण घेतलं पाहिजे असा नियम केला, आणि १९७१ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने ते परवान्याशीच जोडलं. आपल्याकडे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तासांची अपेक्षा आली. बऱ्याच राज्यांत ती कागदावर राहिली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने ती नोंदणीच्या नूतनीकरणाला बांधली: पाच वर्षं, ३० पॉइंट. कार्यक्रमाला आधी मान्यता, जागेवर कौन्सिलचा निरीक्षक, हजेरीपटावर सही. ज्या नोंदवहीत १९१२ मध्ये नाव एकदाच चढत होतं, तिच्यात टिकण्यासाठी आता दर पाच वर्षांनी हिशेब द्यावा लागतो. याने संघटनांना मोठं बळ दिलं, कारण पॉइंट देणारे कार्यक्रम भरवणारं सर्वांत मोठं जाळं त्यांच्याकडेच होतं. याने व्याख्यानांना गर्दी झाली हे खरं. किती जण चहा घेऊन सही करून निघतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी अडचण पैशाची. हॉटेलचं सभागृह, पाहुण्या वक्त्याचा प्रवास, जेवण, हे सगळं वर्गणीतून कधीच भागत नव्हतं. ती जागा औषध कंपन्यांनी भरली: स्टॉल, बॅगेवर नाव, हजर राहणाऱ्या डॉक्टराची डेलिगेट फी परस्पर भरलेली. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटी, प्रवास आणि पाहुणचार यांवर बंदी आणली, ती डॉक्टरांवर आणि त्यांच्या संघटनांवरही. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन संघटना त्यातून वगळल्या गेल्या. एकट्या डॉक्टराने कंपनीकडून घेऊ नये ते शंभर डॉक्टरांनी मिळून घेतलं तर चालेल, याचं समर्थन मला कधी पटलेलं नाही. आणि संघटना या बाबतीत निष्पाप होत्या असंही नाही. २००८ मध्ये आयएमएने एका शीतपेय कंपनीच्या फळांच्या रसाला आणि ओट्सला पैसे घेऊन आपलं नाव वापरू दिलं होतं, त्यावरून कौन्सिलने पदाधिकाऱ्यांवर कारवाई केली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना डॉक्टरांच्या भेटींवरचा खर्च आयकरात वजा करता येणार नाही असं सांगितलं. २ ऑगस्ट २०२३ ला नॅशनल मेडिकल कमिशनने नवे नियम काढले, त्यात औषध कंपन्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी भागच घेऊ नये असं होतं. संघटनांनी जोरदार विरोध केला आणि तीन आठवड्यांत ते स्थगित झाले, २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. या विरोधाला दोन बाजू आहेत. त्याच नियमांतल्या जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने, औषधं लिहिण्याच्या सक्तीबद्दलचा त्यांचा आक्षेप गंभीर होता. कॉन्फरन्स कशा चालतील हा प्रश्नही खरा होता, पण त्याचं उत्तर शोधायची तयारी कुणी फारशी दाखवली नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी विपणन संहिता आणली. तिच्यात देशातल्या सीएमईंना परवानगी आहे, पण परदेशातल्या कार्यक्रमांवर बंदी आहे. वक्त्याखेरीज कुणाचा प्रवास-मुक्काम करायचा नाही, आणि अशा कार्यक्रमांवरचा खर्च कंपनीने जाहीर करायचा. त्यामुळे परदेशातली ‘शैक्षणिक सहल’ आता पूर्वीसारखी उघडपणे पत्रकात येत नाही. दुसरा बदल २०२० च्या साथीने केला: गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या डॉक्टराला पॉइंटांसाठी दवाखाना बंद ठेवून नागपूर-कोल्हापूर गाठावं लागे, त्याला घरबसल्या ऑनलाइन सीएमई मिळू लागली.

आता नवं पत्रक हातात पडलं की सभासदाने दोन ओळी आधी शोधाव्यात. राज्याच्या मेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का आणि पॉइंट किती, कारण मान्यता नसेल तर व्याख्यान कितीही चांगलं असलं तरी नूतनीकरणात ते धरलं जात नाही. आणि खर्च कुणी उचललाय. ही दुसरी ओळ बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते.