८५ अंशांतला हापूस

सकाळी हमाल खोलीत शिरले आणि कुडकुडत बाहेर आले. तुर्भ्यातल्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये हापूससाठी १३ अंश लावलेले, आत निघाले ६. अशा थंडीत आंबा फार दिवस राहिला तर साल काळवंडते आणि फळ धड पिकत नाही. कंप्रेसर रात्रभर थांबलाच नव्हता, कारण कंट्रोलरच्या लेखी खोलीचं तापमान होतं ८५ अंश!

सेन्सर होता डीएस१८बी२०, छंदी मंडळींच्याही ओळखीचा. त्याला वीज मिळाली की स्मृतीत आधी ८५ हाच आकडा असतो. ‘मोज’ म्हटल्यावर पूर्ण बारकाईने मोजायला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो, मग तिथे खरं तापमान बसतं. इथे तारेच्या सांध्यात दव साचून मोजता मोजताच वीज तुटत होती. परत आली की पाटीवर पुन्हा ८५.

सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. त्यात तपासणी होती. सेन्सर आठ बाइटांमागे नववा, सीआरसीचा बाइट जोडतो. वाटेत माहिती बिघडली तर तो जुळत नाही. पण इथे वाटेत काहीच बिघडलं नव्हतं. पत्र धडधाकट पोचलं, मजकूर तेवढा खोटा.

तारच तुटली असती तर? तेव्हा मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, उणे १२७ देते. सेन्सर उणे ५५ च्या खाली मोजतच नाही, म्हणजे ही निव्वळ खूण. माझा ड्रायव्हर तीही तापमान म्हणून पुढे ढकलत होता. कंप्रेसर बंद पडून एप्रिलच्या उकाड्यात पेट्या उबल्या असत्या.

आता ड्रायव्हर आकडा वेगळा देतो आणि तो भरवशाचा आहे का, हे वेगळं सांगतो. ८५ सरसकट बाद करता येत नाही. एखाद्या बॉयलरवर तो खराही असेल. पण पेट्यांनी भरलेली खोली दहा सेकंदांत १३ वरून ८५ वर जात नाही. अशी उडी दिसली की तीनदा फेरमोजणी, आणि प्रत्येक वेळची नोंद. (मुकाट्याने पुन्हा पुन्हा मोजणारा ड्रायव्हर मला जास्त धोक्याचा वाटतो, सैल सांधा त्यामागे महिनोन्‌महिने लपतो.)

तिन्ही वेळा फसलं तर कंप्रेसर चालू ठेवायचा की बंद? दोन्हींत आंबा जातो. शीतगृहांच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये यावर जुनी सोय आहे: सेन्सर गेला की काही मिनिटं चालू, काही मिनिटं बंद. चांगल्या दिवसांच्या नोंदी पाहून आम्ही त्या वेळा बसवल्या, जोडीला भोंगा लावला.

तो तिसऱ्याच रात्री वाजला. नोंदीवरून सांधा सापडला. बदलायला वीस मिनिटं लागली.